बीपीच्या गोळीवरचा खटला

गोल्फ क्लबच्या मैदानावर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आणि नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सिद्धांत २०२० पासून ठाण मांडून बसला आहे. कोरोना ओसरला, मास्क कपाटात गेले, हा मात्र जागचा हलला नाही. तो साधारण असा: कोरोनाचा विषाणू शरीरात शिरतो तो एसीई-२ नावाच्या दारातून. बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या गोळ्या ही दारे वाढवतात. म्हणजे डॉक्टरांनी आधी दारे उघडून ठेवली, मग विषाणू आला, मग किडनी आणि हृदय गेले आणि शेवटी बिलही डॉक्टरांचेच. हल्ली याला एक शेपूट जोडले गेले आहे: लसीतला स्पाइकही त्याच एसीई-२ ला जाऊन चिकटतो, म्हणून तरुण पोरे चालता चालता कोसळतात. निष्कर्ष नेहमी एकच आणि तोही आपुलकीच्या सुरात: "काका, टेल्मा बंद करा. आमच्या साडूंनी केली, मस्त आहेत."

हा सिद्धांत मी हसण्यावारी नेत नाही. तो सगळाच खोटा असता तर एका वाक्यात निकालात निघाला असता. जून २०२१ मध्ये लस घेतल्यावर नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला नाणी आणि चमचे चिकटतात ही बातमी देशभर फिरली होती. तिला उत्तर द्यायला शाळेतला चुंबकाचा धडा पुरेसा होता. नाण्यांना चिकटायला घामट कातडी पुरते, लोहचुंबक लागत नाही. एसीई-२ चे तसे नाही. या सिद्धांताचे पहिले वाक्य खरे आहे आणि दुसरे उंदरांपुरते अर्धे खरे आहे. खोटेपणा सुरू होतो तिसऱ्या वाक्यापासून, आणि पहिल्या दोघांच्या भरवशावर ते तिसरेही ऐकणाऱ्याच्या गळी उतरते. शिवाय ते सांगणारे अनेकदा शिकलेले असतात, निवृत्त अभियंते, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी. म्हणून थोडे खोलात जाऊन उत्तर देणे भाग आहे.

आधी हे दार म्हणजे काय ते पाहू. यकृत अँजिओटेन्सिनोजेन नावाचे प्रथिन रक्तात सोडते. किडनीतून येणारे रेनिन ते तोडते आणि दहा अमिनो आम्लांचा एक तुकडा तयार होतो, अँजिओटेन्सिन-१. एसीई नावाचे एन्झाइम त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्ले उडवते आणि आठांचा अँजिओटेन्सिन-२ उरतो. हा तुकडा मोठा कर्तबगार आहे. तो रक्तवाहिन्या आवळतो, मीठ-पाणी धरून ठेवायला लावतो आणि वर्षानुवर्षे वाढलेला राहिला तर हृदयाचा स्नायू जाड करतो, किडनीची चाळणी निबर करतो. आता यावर एसीई-२ येते. ते आणखी एकच अमिनो आम्ल काढते, आणि उरलेला सातांचा तुकडा बरोबर उलटे काम करतो, रक्तवाहिन्या सैल करतो, दाह उतरवतो. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हे नवल वाटणार नाही: एकाच वेलीवर एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करते आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घड आणते, कात्री दोन्ही वेळा सारखीच दिसते, कुठे चालली यावर सगळे ठरते.

एसीई-२ सापडले ते २००० साली, इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात आणि अमेरिकेतल्या मिलेनियम कंपनीत, जवळपास एकाच वेळी. लीड्सच्या शोधनिबंधावर पहिले नाव टिपणीस आहे, हे मराठी वाचकाला जाता जाता सांगायला हरकत नाही. त्या निबंधाच्या शीर्षकातच एक गोष्ट नोंदलेली आहे आणि आपल्या वादात ती कळीची आहे: कॅप्टोप्रिलचा या एन्झाइमवर परिणाम होत नाही. म्हणजे 'प्रिल' घराण्यातली गोळी एसीईला अडवते, एसीई-२ ला अडवत नाही. 'सार्टन' घराणे तर कुठल्याच एन्झाइमच्या वाटेला जात नाही. ते अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतो ती जागा धरून ठेवते. २००२ मध्ये उंदरांतले एसीई-२ चे जनुक काढून पाहिले तेव्हा त्यांच्या हृदयाचे आकुंचन मंदावले. तोवर या एन्झाइमचा आणि कोरोना कुळातल्या विषाणूंचा संबंध कोणाला ठाऊकही नव्हता. हे एन्झाइम हृदयाच्या, किडनीच्या, आतड्याच्या कामाचे आहे ही त्याची पहिली ओळख. विषाणूने त्याचा गैरफायदा घेतला ही नंतरची.

ती नंतरची ओळख २००३ मध्ये झाली. सार्सचा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ ला धरून आत शिरतो हे त्या वर्षी 'नेचर'मध्ये आले. पुढे २००५ साली उंदरांवरचे जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांच्याशी आपल्या ट्रॅकवरच्या एकाही पंडिताची गाठ पडलेली दिसत नाही. ज्या उंदरांत एसीई-२ नव्हते त्यांच्या फुप्फुसांना आम्लाने किंवा जंतुदोषाने इजा केली तेव्हा ती जास्त भयंकर झाली. बाहेरून एसीई-२ दिल्यावर कमी झाली. दुसऱ्या प्रयोगात सार्सचा स्पाइक टोचल्यावर पेशींवरचे एसीई-२ घटले, फुप्फुसे बिघडली, आणि तो बिघाड कमी झाला कशाने? लोसार्टनने. ज्या कुळातल्या गोळीला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे तिनेच. दार जास्त तर आजार जास्त हे गणित तिथेच अडखळते. विषाणू एन्झाइमला धरून आत जातो आणि जाताना त्याला पेशीच्या पृष्ठभागावरून घेऊनही जातो. मग अँजिओटेन्सिन-२ मोडणारे हात कमी पडतात. इजा एन्झाइम असल्याने होते की नसल्याने, हा खरा प्रश्न होता. फॉरवर्डमध्ये तो विचारलेलाच नाही.

मग गोळ्यांनी दारे वाढतात हे आले कुठून? तेही २००५ च्याच एका प्रयोगातून. उंदरांना लिसिनोप्रिल आणि लोसार्टन दिल्यावर त्यांच्या हृदयात एसीई-२ चा संदेशवाहक आरएनए वाढला. तपशील असा की लिसिनोप्रिलने आरएनए वाढला तरी एन्झाइमची प्रत्यक्ष क्रिया वाढली नाही, लोसार्टनने दोन्ही वाढले. हृदयात, फुप्फुसात नव्हे. उंदरांत, माणसांत नव्हे. पुढे मे २०२० मध्ये ११ युरोपीय देशांतल्या, हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांच्या रक्तातले एसीई-२ मोजणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरुषांत ते स्त्रियांपेक्षा जास्त निघाले, पण प्रिल किंवा सार्टन घेणाऱ्यांत न घेणाऱ्यांपेक्षा जास्त निघाले नाही.

आता अफवेची जन्मतारीख पाहा. ११ मार्च २०२०, ज्या दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली त्याच दिवशी, 'लॅन्सेट रेस्पिरेटरी मेडिसिन'मध्ये तीन लेखकांचे एक पत्र प्रसिद्ध झाले. चीनमधल्या तीन रुग्णगटांत बीपी आणि मधुमेहाचे रुग्ण बरेच होते. अशांना अनेकदा एसीई-२ वाढवणारी औषधे दिली जातात. तेव्हा या औषधांनी धोका वाढत असेल, असा तर्क त्यात मांडला होता. तर्क मांडणे गुन्हा नाही. विज्ञान तसेच चालते, आणि मार्च २०२० मध्ये काहीही शक्य वाटत होते. पण त्याच पत्रात लेखकांनी एक कबुलीही दिली होती: त्या चिनी अभ्यासांत कोणता रुग्ण कोणती गोळी घेत होता हे तपासलेलेच नव्हते. म्हणजे संशयित हजर होता, पण तो घटनास्थळी होता की नाही याची नोंदच नव्हती. दोन दिवसांत, १३ मार्चला, युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या उच्च रक्तदाबविषयक मंडळाने आणि १७ मार्चला अमेरिकेतल्या तीन संघटनांनी मिळून सांगितले की या गोळ्या बंद करू नका. नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण सापडायच्या आत उत्तर आलेले होते. प्रश्न मोबाइलवर आला, उत्तर आले नाही. उत्तरात घाबरवण्यासारखे काही नव्हते, एवढेच त्याचे पाप.

मग खरा पुरावा यायला लागला. इटलीतले लोम्बार्डी तेव्हा युरोपातल्या कोरोनाचे केंद्र होते. तिथल्या ६,२७२ रुग्णांची वय, लिंग आणि वस्ती जुळवून घेतलेल्या ३०,७५९ इतरांशी तुलना झाली आणि १ मे २०२० ला निष्कर्ष आला. या तुलनेकडे पहिल्या नजरेत पाहिले तर ट्रॅकवाल्यांचे बरोबर वाटते: कोरोना झालेल्यांत प्रिल आणि सार्टन घेणारे खरोखरच जास्त होते. पण त्यांच्यात हृदयरोगीही जास्त होते, इतर औषधे घेणारेही जास्त होते. हा फरक हिशेबात धरल्यावर गोळीच्या नावावर काहीही शिल्लक राहिले नाही. न्यूयॉर्कच्या एका रुग्णालय समूहातल्या १२,५९४ जणांचा अभ्यास त्याच दिवशी आला, निकाल तोच. गोळी घेणारा आजारी पडतो कारण तो आधीच आजारी असतो. चष्मेवाल्यांना मोतीबिंदू जास्त होतो म्हणून कोणी चष्मा फोडत नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती लपवली तर समोरचा ती बरोबर शोधून काढेल. त्याच दिवशी, हे दोन्ही अभ्यास छापणाऱ्या 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्येच तिसराही एक निबंध आला होता. प्रिल घेणाऱ्यांत मृत्यू कमी, असे त्यात म्हटले होते. आमच्या बाजूला तो सगळ्यात सोयीचा. पण त्याची आकडेवारी सर्जिस्फियर नावाच्या कंपनीकडून आली होती, ती कोणाला तपासता येईना, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. मी त्याला एका पैशाचे वजन देत नाही. सोयीचा पुरावा टाकून देणे हे ज्या दिवशी फॉरवर्डवाल्यांना जमेल त्या दिवशी त्यांच्याशी बरोबरीने बसून चहा घेईन.

मागे वळून पाहणाऱ्या अभ्यासांत खाचा असतात, म्हणून खरी परीक्षा ब्राझीलमध्ये झाली. २९ रुग्णालयांतले, सौम्य ते मध्यम कोरोना झालेले आणि आधीपासून या गोळ्या घेणारे ६५९ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले: एकाने गोळी ३० दिवस बंद केली, दुसऱ्याने चालू ठेवली. जिवंत आणि रुग्णालयाबाहेर गेलेले सरासरी दिवस: बंद केलेल्यांत २१.९, चालू ठेवलेल्यांत २२.९. मृत्यू: २.७ टक्के आणि २.८ टक्के. गोळीने कोरोना वाढत असता तर या दोन आकड्यांत दरी पडायला हवी होती. तशी ती पडलेली नाही. हा निकाल जानेवारी २०२१ मध्ये छापून आला. त्याला आता वर्षे झाली, आणि साडू अजून मस्तच आहेत.

यावर एखादा अभ्यासू विरोधक म्हणेल, मग २०२३ च्या 'रीमॅप-कॅप'चे काय? बरोबर, तोही मांडू. अत्यवस्थ कोरोना रुग्णांना, आधी कधी घेतलेली नसताना, आयसीयूत नव्याने ही औषधे सुरू करून पाहिली तेव्हा कल फायद्याऐवजी तोट्याकडे दिसला. आणि भारतात झालेली 'क्लॅरिटी' चाचणी? तिच्यात आपल्याकडचे रुग्ण होते, टेल्मिसार्टन ४० होती, एकूण ७८७ जण होते, आणि २०२२ च्या अखेरीस 'बीएमजे'त निकाल आला की फायदा नाही. म्हणजे २००५ च्या उंदरावरून उठलेली भीती माणसात टिकली नाही, तशी २००५ च्याच उंदरावरून उठलेली आशाही टिकली नाही. या गोळ्या कोरोनाचे औषध नाहीत. पण व्हेंटिलेटरवरच्या, रक्तदाब कोसळत असलेल्या माणसाला नवी गोळी सुरू करणे आणि सिडकोत राहणाऱ्या, दहा वर्षे टेल्मा घेणाऱ्या आजोबांची चालू गोळी काढून घेणे, हे दोन प्रश्न एकमेकांशेजारी बसवणे म्हणजे वादात लबाडी करणे.

गोळी बंद झाल्यावर काय होते याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोना शिरला, खासगी दवाखाने धडाधड बंद झाले, यंत्रमागांच्या शहरात माणसे दाटीत अडकली. पालिकेच्या नोंदींत त्या महिन्यातले मृत्यू आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या दुपटीच्या घरात गेले, आणि त्यातल्या थोड्याच मृत्यूंवर कोरोनाची अधिकृत मोहोर होती. काही न तपासलेला कोरोना असणार, नक्कीच. पण बीपी, मधुमेह, हृदयरोग यांचे उपचार तुटल्यामुळे माणसे गेली हे तेव्हाच बोलले जात होते. मालेगावच्या लोकांनी गोळी अफवेने सोडली नव्हती, त्यांची ती सुटली होती. जे त्यांच्यावर लादले गेले ते आपण कॉलेज रोडवर, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना, स्वखुशीने करायचे? पुढे मालेगावची लाट ओसरली तेव्हा श्रेय मन्सुरा नावाच्या काढ्याला गेले आणि मृत्यूंचा हिशेब मागे पडला. काढ्याने बरे झाले म्हणायला काढा न घेतलेलेही मोजावे लागतात; लोम्बार्डीत जे केले तेच.

काढ्यांवरून आठवले. २०२० मध्ये संगणकावर तुळशीचा, हळदीचा, गुळवेलीचा रेणू एसीई-२ वर किंवा स्पाइकवर बसवून पाहणाऱ्या शोधनिबंधांचा पाऊस पडला. पडद्यावर एक रेणू दुसऱ्याला बसला एवढेच त्यातून कळते. तो आतड्यातून रक्तात किती जातो, फुप्फुसापर्यंत पोचतो का, यातले काही नाही. तरी त्या आधारावर 'एसीई-२ ब्लॉकर' म्हणून चूर्णांची तरफदारी झाली. विसंगती बघा: जी गोळी एसीई-२ ला हात लावत नाही ती घातक, आणि जे चूर्ण त्याला बंद पाडते असा दावा, ते आरोग्यदायी. दावा खरा असता तर हृदयाचा आणि किडनीचा रखवालदार बंद पाडणारे ते चूर्ण आधी मीच फेकून दिले असते. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांतल्या यकृताच्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. वाद चालू द्या. पण निसर्गातले आहे म्हणजे निरुपद्रवी, हे कुठल्या ग्रंथात लिहिले आहे? ज्या विषाच्या अभ्यासातून प्रिल गोळ्यांचा जन्म झाला ते ब्राझीलच्या एका सापाचे होते. तोही निसर्गच.

आता किडनीकडे येतो. कोरोना निमित्त झाला. या अफवेचे मूळ जुने आहे आणि ते किडनीत आहे. "बीपीच्या गोळ्यांनी किडन्या जातात" हे वाक्य कोरोनाच्या आधीपासून आपल्याकडे बोलले जाते, आणि त्याच्यामागे डोळ्यांनी पाहिलेला पुरावा आहे. डायलिसिसच्या खोलीत जाऊन विचारा, जवळपास प्रत्येकाच्या हातात बीपीच्या गोळ्या असतात. पाहणारा बाण उलटा काढतो: गोळी घेतली म्हणून किडनी गेली. वस्तुस्थिती अशी की वर्षानुवर्षे न तपासलेले बीपी किडनी झिजवते, आणि झिजलेली किडनी बीपी आणखी वाढवते. गोळी येते ती या चक्रात बऱ्याचदा उशिरा. आयसीएमआर-इंडिॲबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. यातल्या अनेकांना स्वतःला तो ठाऊकही नसतो. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून नाही.

दुसरा पुरावा रिपोर्टचा. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडे वाढू शकते. रिपोर्ट हातात पडतो, मुलगा गुगल करतो, आणि गोळी खिडकीतून बाहेर. इथे कोणी नीट समजावले असते तर निम्मी भांडणे मिटली असती. किडनीतल्या प्रत्येक गाळणीत रक्त आत आणणारी एक नळी असते आणि बाहेर नेणारी एक. अँजिओटेन्सिन-२ ही बाहेरची नळी आवळून आतला दाब वाढवतो. मधुमेहात हा दाब सततचा होतो, गाळणी फाटत जाते, लघवीतून प्रथिन वाहू लागते. गोळी ती नळी सैल करते. दाब उतरला की गाळण्याचा वेग थोडा कमी होतो, म्हणून क्रिएटिनिन वर सरकते. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा स्वीकारतात, कारण मोबदल्यात गाळणी टिकते. टिकते हे कशावरून? २००१ मध्ये लोसार्टनची 'रिनाल' ही चाचणी प्रसिद्ध झाली. टाइप-२ मधुमेहाने किडनी बाधित झालेले १,५१३ रुग्ण, आणि किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका २८ टक्क्यांनी कमी. ज्या गोळीवर किडनी खाल्ल्याचा आळ, तीच किडनी वाचवण्यासाठी दिली जाते.

किडनीला खरोखर इजा करणारी गोळी मात्र याच घरात, बहुधा देवघराशेजारच्या डब्यात असते आणि तिच्यावर कोणीच खटला भरत नाही. द्राक्ष छाटणीच्या हंगामात कंबर धरली, गुडघा भरला, की मेडिकलमधून सुटी, चिठ्ठीशिवाय घेतलेली डायक्लोफिनॅक किंवा असेक्लोफिनॅक. ही वेदनाशामके किडनीत रक्त आणणारी नळी आवळतात. त्यात उन्हाने अंगातले पाणी आटलेले, वर लघवी वाढवणारी बीपीची गोळी, आणि जोडीला सार्टन: ही तिकडी किडनीला अचानक बंद पाडू शकते, हे किडनीतज्ज्ञांना पाठ आहे. पण अशा वेळी घरात काय होते? टेल्मा बंद होते आणि पेनकिलर चालू राहते.

गोळी कधीच थांबवू नये असे मी म्हणत नाही, आणि कोणी तसे म्हणत असेल तर त्याचेही ऐकू नका. गरोदरपणात प्रिल आणि सार्टन दोन्ही चालत नाहीत, बाळाच्या किडनीला धोका असतो. पोटॅशियम फार वाढले तर थांबवावी लागते. दोन्ही किडन्यांच्या धमन्या अरुंद असतील तर घातक ठरू शकते. उलट्या-जुलाबाने पाणी कमी झाले असेल तर डॉक्टर दोन दिवस थांबवायला सांगतात. रॅमिप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो, कारण एसीई ब्रॅडिकायनिनही मोडते आणि ते अडवल्यावर ब्रॅडिकायनिन साचते. अशांना सार्टनवर नेतात. ही कारणे शरीरातली आहेत, मोजता येणारी आहेत. "एसीई-२ वाढते" हे कारण त्यांत बसत नाही.

लसीच्या शेपटीवर फार शब्द खर्चत नाही. कोविशिल्डचा एक दुर्मीळ आणि गंभीर दुष्परिणाम खरा आहे, प्लेटलेट कमी होऊन रक्ताच्या गुठळ्या होण्याचा. तो २०२१ च्या वसंतातच युरोपात ओळखला गेला, कोणी दडवून ठेवला नाही. त्याची वाट पीएफ-४ या प्रथिनाविरुद्ध तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची आहे. एसीई-२ चा तिथे संबंध नाही. तरुणांच्या अचानक मृत्यूंबद्दल आयसीएमआरने १९ राज्यांतल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या ७२९ मृतांची २,९१६ जिवंत व्यक्तींशी तुलना केली. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन मात्रा घेतलेल्यांत तो कमी दिसला. वाढलेला दिसला तो कोरोनाने रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात आधी असा मृत्यू झालेल्यांत, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत बेफाम दारू प्यायलेल्यांत आणि अंग मोडून व्यायाम केलेल्यांत. ज्यांना तरुणांची खरोखर काळजी आहे त्यांनी जिममधल्या पोरांना हे सांगावे.

लोकांना डॉक्टरांवर, रुग्णालयांवर विश्वास का उरला नाही हे मला कळते. २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि प्राणवायूवर असलेले किमान २२ रुग्ण गेले. ज्यांची माणसे त्या दिवशी गेली त्यांना व्यवस्थेवर विश्वास ठेवा असे सांगायचे तोंड मला नाही. दुसऱ्या लाटेतली बिले, रेमडेसिविरसाठी मेडिकलबाहेरच्या रांगा, बेडसाठीचे फोन, हे सगळे नाशिककरांनी सोसले आहे. हा राग खरा आहे, आणि म्हणूनच तो योग्य ठिकाणी जायला हवा. टाकीची देखभाल कोण करत होते, बिलाचे ऑडिट झाले का, आरोग्य केंद्रात बीपीची गोळी महिनोन्महिने का संपलेली असते, हे प्रश्न विचारा. त्याऐवजी राग काढला जातो चार-आठ रुपयांच्या गोळीवर, आणि किंमत मोजतो तो राग काढणाराच, पाच-सात वर्षांनी, पक्षाघाताने किंवा डायलिसिसने.

आणखी एक बोच. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या म्हसरूळला आहे. डॉक्टर, वैद्य, परिचारिका यांना घडवणारी संस्था ज्या शहरात आहे त्या शहरात एका एन्झाइमबद्दलचा गैरसमज इतकी वर्षे बिनविरोध फिरावा, यात दोष फक्त फिरवणाऱ्यांचा नाही. गोळी लिहून देताना तिचे काम दोन वाक्यांत मराठीतून सांगायला किती वेळ लागतो? ज्या डॉक्टरांना तेवढीही उसंत नाही त्यांच्या जागी बोलायला ट्रॅकवरचे सद्गृहस्थ मोकळेच आहेत.

तेव्हा ज्यांनी कोणाच्या सांगण्यावरून गोळी सोडली आहे त्यांना विनंती. या आठवड्यात बीपी मोजून घ्या. राज्याच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी मोफत आहे. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतले प्रथिन तपासा, वेदनाशामकाचे पाकीट सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवा, आणि गोळी कोणी बंद करायला सांगितली तेही न लाजता सांगा. ती पुन्हा सुरू करायची की बदलायची हे तुमचे रिपोर्ट पाहून डॉक्टर ठरवतील. ट्रॅकवर फक्त चाला.